कलावंतांची वर्गणी

माणसाच्या अंगात कला नसली तरी संसार होतो. पण कला नसताना कलावंत असण्याची हौस असली, की घरातल्या दुसऱ्या माणसाला दोघांपुरतं शहाणं राहावं लागतं, असं ताईंचं मत होतं. ताईंकडे मतं पुष्कळ होती आणि त्यांतलं एकही कुणाच्या बाजूचं नव्हतं. शेजारणीने नवे पडदे दाखवायला बोलावलं, तर ताई आधी शिवण उलटून बघत. लेकीने पहिल्या पगारातून आणलेलं घड्याळ त्यांनी कानाला लावलं आणि "चालतंय तरी" एवढंच म्हणाल्या. आईला घड्याळ फार आवडलं, असं लेक पुढे वर्षभर लोकांना सांगत होती.

ताई एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या करायच्या. डॉक्टरांकडून रोग्याच्या तोंडाचं माप यायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. शहरातलं निम्मं हसू त्यांच्या टेबलावरून गेलेलं असल्यामुळे हसऱ्या माणसांविषयी त्यांना आदर असा उरला नव्हता. लॅबमध्ये घासायच्या मशीनचा आवाज इतका, की सगळे कानात रबरी बोळे घालून बसत. ताईंचे बोळे निळ्या दोरीला अडकवलेले होते. सकाळी कानात गेले की जेवणाच्या सुट्टीलाच बाहेर येत. जगाचं काही ऐकावं लागत नाही, हा या नोकरीतला खरा पगार, असं त्या म्हणत.

यजमान लिफ्ट तपासनीस. सरकारी नोकरी, कायमची, पुढे पेन्शन. इमारतीत जायचं, लिफ्टचे दोर बघायचे, ब्रेक बघायचा, आत अडकलेल्या माणसासाठीची घंटा वाजते का बघायचं आणि सही करायची. या कामात ते चोख होते आणि म्हणूनच बहुधा त्याविषयी कधी बोलत नसत. बोलत ते संगीताविषयी. घरात एक कीबोर्ड होता, त्याच्यावर मखमलीचं झाकण होतं, आणि सुट्टीच्या दिवशी त्या झाकणाखालून जे निघायचं त्याला ते 'रचना' म्हणत. ताईंच्या भावाने त्यांना चेष्टेत 'कलावंत' म्हणायला सुरुवात केली. चेष्टा कळण्याची सोय यजमानांकडे नसल्याने त्यांनी ती पदवी विनम्रपणे स्वीकारली, आणि नाव कायमचं झालं.

सात वर्षांपूर्वी कलावंतांनी आपल्या पाच रचना कुठल्याशा स्टुडिओत जाऊन नीट रेकॉर्ड केल्या आणि गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवल्या. महिन्याची वर्गणी भरली की जगातलं हवं ते फोनवर ऐकवणारं ते अ‍ॅप. अल्बमचं नाव 'आतला आवाज'. रचनांची नावं 'अथांग', 'निःशब्द', 'ओढ', 'परतीची वाट' आणि शेवटची नुसतीच 'मी'. चित्रात कलावंत खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर काय होतं ते ताईंना माहीत होतं: शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी.

जगाने 'आतला आवाज' ऐकला नाही. नातेवाइकांनी एकेकदा लावला, लावल्याचं कळवलं, आणि आकडा जो अकरावर बसला तो उठेना. कलावंत भिंतीकडे तोंड करून पडले. ऑफिसला जायचे, यायचे, ताट न शिवता परत पाठवायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. भिंत नुकतीच रंगवलेली होती, म्हणून ताईंनी काही दिवस काही म्हटलं नाही. मग नव्या नोकरीसाठी परगावी निघालेल्या लेकीनेच युक्ती काढली. तिने ताईंच्या नावावर सगळ्या घराची मिळून एक वर्गणी घेतली, तिच्या जुन्या फोनवर ते अ‍ॅप टाकलं आणि म्हणाली, "आई, तू हे लॅबमध्ये नुसतं लावून ठेव. आवाज शून्यावर. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होईल. बाबांचा आकडा वाढेल."

"न ऐकता?"

"तुला ऐकायला कोण सांगतंय? ऐकलंस तर बंदच करशील."

लेक आईवर गेली होती.

तेव्हापासून ताई सकाळी लॅबमध्ये येऊन मेण वितळवायचा दिवा पेटवत, फोन टेबलावर उभा करत, बटण दाबत आणि कानात बोळे घालत. फोन प्लास्टरच्या धुळीने खराब होऊ नये म्हणून त्यांनी त्याला पारदर्शक पिशवी चढवली होती. पिशवीतून कलावंत दिवसभर पाण्याच्या टाकीकडे बघत राहत आणि ताई लोकांचे दात बसवत. सात वर्षांत त्यांनी त्यातला एक सूर ऐकला नाही. घरी कलावंत वाजवायला बसले की त्या स्वयंपाकघरात पंखा लावत किंवा बाजारात जात. कलावंतांनी स्वतः मात्र त्या वर्गणीत यायचं नाकारलं होतं. "मी इतरांचं ऐकत नाही," ते म्हणाले होते, "माझ्या सुरांवर परिणाम होतो." आजवर कोणत्याच सुराचा त्यांच्यावर परिणाम झालेला नव्हता, तेव्हा ही काळजी ताईंना फुकटची वाटली होती.

आकडा मात्र वाढत गेला. कलाकारांसाठी त्या अ‍ॅपचं एक वेगळं पान असतं. कलावंत सकाळी चहाबरोबर ते उघडत आणि कालचा आकडा वाचून दाखवत. वाचताना आवाज मुद्दाम साधा ठेवत. "काल जरा कमीच," असं म्हणून ते कपाकडे बघत आणि ताई "हो का" म्हणत. हा कार्यक्रम त्यांच्या घरात प्रार्थनेसारखा रुळला होता. दोघांचीही त्याच्यावर श्रद्धा असायची गरज नव्हती. एकाची होती, असं ताई समजत.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवायला मॅनेजर आला.

मॅनेजर म्हणजे कुठल्या कंपनीचा नव्हे. तो पूर्वी घरोघर फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. ताईंच्याही घरी एक विकून गेला होता. त्या यंत्रातून पाणी शुद्ध येत होतं की नाही कुणास ठाऊक, कारण बहुतेक वेळा येतच नव्हतं. तक्रार करायला बोलावलं, तर त्याने कीबोर्ड पाहिला, आकडा ऐकला आणि तिथल्या तिथे पाणी सोडून कलेकडे वळला. स्वतःला त्याने कलावंतांचा मॅनेजर नेमलं. दर रविवारी येऊन तो सोफ्यात बसे आणि यजमानांना हरभऱ्याच्या झाडावर चढवी. त्याने स्वतः 'आतला आवाज' एकदाही ऐकलेला नाही, हे ताईंनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. न ऐकणारा न ऐकणाऱ्याला बरोबर ओळखतो.

"साहेब, हा आकडा नोकरी करणाऱ्या माणसाचा नाही," तो एका रविवारी म्हणाला. "हा आकडा पूर्ण वेळ कलावंताचा आहे. तळघरात जागा बघून ठेवलीय. तुमचा स्टुडिओ. तुम्ही लोकांना शिकवायचं, वाजवायचं, बाकीचं माझ्याकडे सोपवा. तुम्ही लिफ्टमध्ये आयुष्य घालवताय."

"वर-खाली, वर-खाली," कलावंत खिन्नपणे म्हणाले.

"आणि पेन्शन?" ताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"वहिनी, पेन्शन म्हाताऱ्यांना असते," मॅनेजर म्हणाला, आणि ताईंनी आणून ठेवलेल्या बिस्किटांतलं चौथं उचललं.

मॅनेजर गेल्यावर कलावंतांनी सांगितलं, की पुढच्या रविवारी तो जागेची कागदपत्रं घेऊन येणार आहे आणि सोमवारी आपण राजीनामा देणार. विचार पक्का झालाय. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. माणूस खरंच देणार होता. थोड्याच वर्षांत घरबसल्या पेन्शन येणार होती, ती लाथाडून हा गृहस्थ एका यंत्रविक्याच्या मागे तळघरात उतरणार होता. आणि त्याला तिथवर नेणारा आकडा दुसऱ्या कुणी नाही, ताईंनीच, स्वतःच्या बोटाने, रोज दिवा पेटवताना वाढवलेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना पहिला राग आला तो नवऱ्याचा, दुसरा लेकीचा. तिसऱ्या रागाची पाळी आली तेव्हा घरात कुणी उरलं नाही, म्हणून त्या भांडी घासायला गेल्या.

उपाय सोपा होता. आकडा पडला की झाडावरचे खाली उतरतील. सोमवारी ताईंनी लॅबमध्ये फोन पर्समधून काढलाच नाही. मंगळवारी सकाळी कलावंतांनी पान उघडलं, चहाचा घोट घेतला आणि काहीच वाचलं नाही. त्यांचा चेहरा असा उतरला, की ताईंनी न राहवून विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. सुट्टी असेल लोकांना." त्यावर ताई लॅबमध्ये गेल्या आणि दिवा पेटवता पेटवता त्यांनी बटण दाबलं. दाबल्यावर स्वतःलाच चार शिव्या दिल्या. बुधवारीही तेच. सव्वीस वर्षं डॉक्टरांना तोंडावर "माप चुकलंय, पुन्हा घ्या" असं सुनावणारी बाई नवऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्यापुढे मेणासारखी वितळते, याची त्यांना मनस्वी चीड आली. मन घट्ट करून भागणार नव्हतं. परतीचे दोरच कापायला हवे होते.

म्हणून गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर, ताई वर्गणी बंद करायला बसल्या.

घेताना एका बोटाने घेतलेली ती वर्गणी सोडताना मात्र अ‍ॅपने ऊर बडवून शोक मांडला. आधी बंद करायचं बटणच सापडेना. ते 'तुमचं खातं' मध्ये नव्हतं, 'वर्गणी' मध्ये नव्हतं, 'मदत' मध्ये तर नव्हतंच. शेवटी ते 'तुमच्या वर्गणीचे फायदे' या मथळ्याखाली, सगळे फायदे वाचून झाल्यावर, फिकट करड्या अक्षरांत सापडलं. ते दाबताच पडद्यावर डोळे-तोंड काढलेलं एक वर्तुळ आलं आणि रडायला लागलं. 'आम्हाला सोडून चाललात?' ताईंनी त्या वर्तुळाकडे मॅनेजरकडे बघत तसं बघितलं आणि 'हो' दाबलं.

'जाण्याचं कारण सांगाल?' कारणं दिलेली होती: महाग वाटतं, वेळ मिळत नाही, हवी ती गाणी नाहीत. 'नवरा नोकरी सोडतोय' हे कारण नव्हतं. ताईंनी 'इतर' दाबलं. मग तीन महिने फुकट घ्या म्हणाले. नको म्हटलं तर सहा घ्या म्हणाले. इतकी वर्षं भरलेल्या पैशांची यांना काही किंमत नव्हती तर घेतले कशाला, असा ताईंना प्रश्न पडला. त्यांनी तेही नाकारलं, तेव्हा अ‍ॅपने हुकमाचा एक्का काढला. पडदाभर कलावंतांचं चित्र आलं, टाकीकडे बघतानाचं, आणि खाली ओळी: 'या कलाकाराला तुमच्याइतकं कुणीच ऐकलेलं नाही. तुम्ही गेलात तर त्याचं काय होईल?'

"पेन्शन मिळेल," ताई मोठ्याने म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

शेवटची सूचना अशी, की वर्गणी बंद झाल्यावर घरातल्या इतर सभासदांची गाणीही बंद होतील. इतर सभासद म्हणजे एकटी लेक. ताईंनी तिला फोन लावला.

"बंद करतेय," त्या म्हणाल्या.

लेकीने विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची जनता म्हणजे मी, आणि मला ऐकू येत नाही?"

"आई, हळूहळू कमी कर ना. एकदम नको."

"हळूहळू दात काढला तर जास्त दुखतं. तुझी गाणी जातील, ती तू स्वतःच्या पैशाने घे. लाव म्हणून सांगताना अक्कल पाजळलीस, बंद कसं करायचं ते नाही शिकवलंस."

"माझी चूक झाली," लेक म्हणाली. "पण तूही कमाल आहेस. मला वाटलं होतं महिनाभर लावशील."

ताईंनी फोन ठेवला आणि शेवटचं बटण दाबलं. वर्तुळाने एकदा हुंदका दिला आणि ते गेलं. ताईंनी अ‍ॅप काढून टाकलं, फोन बंद केला, बोळे कानात घातले आणि एका निवृत्त न्यायाधीशाचा खालचा जबडा हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा चुकीचा घासला.

शुक्रवारी कलावंतांनी सकाळी पान उघडलं, बघितलं आणि मिटलं. शनिवारीही. ताईंची खात्री होती, की आता कुरकुर सुरू होईल: लोकांना कळत नाही, अ‍ॅपवाले आपलं दाबतात, कुणीतरी आपल्यावर डूख धरलाय. कलावंत अशा वेळी काय बोलतात ते त्यांना पाठ होतं, आणि प्रत्येक वाक्यावर त्यांनी उत्तर घासूनपुसून तयार ठेवलं होतं. पण कलावंत काहीच बोलले नाहीत. शनिवारी संध्याकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं.

रविवारी सकाळी त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"तू ऐकणं का सोडलंस?"

ताईंच्या तयार उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. "कोण, मी?"

"त्या पानावर मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो," कलावंत म्हणाले. "किती वेळा वाजलं तो. तो मी तुला वाचून दाखवायचो. त्याच्या खाली बारीक अक्षरांत दुसरा असतो. किती माणसांनी ऐकलं तो. पहिला महिना सोडला तर तो कधी बदललाच नाही. एक."

"मॅनेजरला ठाऊक आहे?"

"त्याला मोठ्या अक्षरांच्या खाली वाचता येत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने केलेला हा पहिला विनोद असावा. ताईंना हसू आलं नाही. "आणि तो एक माणूस म्हणजे मी, हे कशावरून?"

"तू लॅबमध्ये पोचतेस तेव्हा सुरू होतं, निघतेस तेव्हा थांबतं. रविवारी शून्य. मग एकदा तुझ्या लॅबसमोरच्या इमारतीत लिफ्ट तपासायला आलो होतो. म्हटलं, डोकवावं. काचेतून दिसलं. समोर फोन, त्याच्यावर माझं चित्र, आणि तुझ्या कानातून दोरी आलेली. मान हलत होती तुझी, बारीक."

घासताना सगळ्यांचीच मान हलते. ताई म्हणाल्या, "हाक नाही मारलीत?"

"ऐकणाऱ्या माणसाला हाक मारू नये," कलावंत म्हणाले.

ताईंनी कपाचा कान धरला आणि सोडला. गेल्या सात वर्षांत या माणसाविषयी त्यांनी मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं काही उपयोगाचं निघालं नाही.

"लोक ऐकत नाहीत, हे मला पहिल्यापासून माहीत आहे," ते पुढे म्हणाले. "लोकांचं काय घेऊन बसलीस. लोक चांगलं म्हणायला काय, कशालाही म्हणतात. तू म्हणत नाहीस. तुला कुणी आरसा दाखवला तरी तू आधी चौकट बघशील. असं माणूस रोज दिवसभर माझंच लावून बसतं, घरी मात्र एक अक्षर बोलत नाही. मी म्हटलं, हिला कबूल करायचं जिवावर येतंय, पण आत काहीतरी पोचलेलं असणार. त्या जोरावर मी निघालो होतो. तो मॅनेजर नव्हे. त्याच्या जोरावर माणूस पाणीसुद्धा पिणार नाही." ते थांबले. "मग आता काय झालं? कंटाळा आला?"

इथे एक खोटं बोलता आलं असतं. ताई आयुष्यात खोटं फारसं बोलल्या नव्हत्या. लोकांविषयीचं खरंच इतकं वाईट असे, की गरज पडत नसे. पण समोरचा चेहरा मंगळवारच्या चेहऱ्यासारखा व्हायला लागला होता. "कंटाळा कसला," त्या म्हणाल्या. "फोन बिघडला."

"बरं. कुठली आवडायची?"

"तिसरी," ताई म्हणाल्या. पहिली म्हटलं तर थाप वाटली असती, आणि शेवटच्या रचनेचं नाव त्यांच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं.

"'ओढ'," कलावंत म्हणाले. "ती मी दोन वर्षांनीच काढून टाकली. नीट जमली नव्हती. तेव्हापासून चारच आहेत."

ताईंनी कप दूर सारला. मग ताईंनी सगळं सांगितलं. कानातली दोरी कसली ते सांगितलं, आवाज शून्यावर असायचा ते सांगितलं, लेकीचं नाव सांगितलं नाही. वर्गणी आपण बंद केली आणि का केली तेही सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखा धारदार लागावा अशी त्यांची इच्छा होती. तो लागला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्याने ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

कलावंतांनी सगळं ऐकून घेतलं. लिफ्टचा दोर बघावा तसं त्यांनी ताईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"म्हणजे तुला आवडलं नाही, असंही नाही," ते हळूच म्हणाले. "तुझं मत अजून यायचंच आहे."

ते उठले, कीबोर्डवरचं मखमलीचं झाकण काढलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि बसले. ताईंना स्वयंपाकघराचा पंखा दिसत होता, बाजारातही जाता आलं असतं. त्या समोर स्टुलावर बसल्या. कलावंतांनी 'अथांग' वाजवायला घेतलं.

सुरुवातीचे काही सूर चांगले होते. ताईंना ते अजिबात अपेक्षित नव्हतं. साधे, थोडे, एकमेकांची वाट बघणारे सूर. त्यांचा मांडीवरचा हात थबकला आणि एक क्षण वाटलं, की आता हा माणूस आपल्याला तोंडावर पाडणार. पण तेवढ्यात कलावंतांनी डोळे मिटले. मान मागे टाकली. डाव्या हाताने समुद्राच्या लाटांचं बटण दाबलं, लाटा आल्या, लाटांवर बासरी आली, आणि त्या मूठभर सुरांचं जे काही होतं ते त्या गर्दीत चेंगरून गेलं. पुढे ते नुसतंच चालत राहिलं. थांबलं तेव्हा संपल्यासारखं वाटलं नाही. वाजवणारा दमला होता, एवढंच.

"बोल," कलावंत म्हणाले. त्यांनी डोळे अजून उघडले नव्हते.

लोकांना फुकट वाटलेली तुच्छता आज कुणीतरी मागून घेत होतं, आणि ती द्यायला ताईंची जीभ उचलेना. पण चुकीच्या मापावर त्यांनी कधी कवळी केलेली नव्हती.

"सुरुवात चांगली आहे," त्या म्हणाल्या. "अगदी पहिली. पुढे तुम्हाला स्वतःचं कौतुक वाटायला लागतं आणि ते ऐकू येतं. लाटा कशाला घातल्यात कळत नाही. बासरी तर कुणीतरी चुकून आत आल्यासारखी. मधला भाग लांबलाय. शेवट नाहीच."

"म्हणजे वाईट."

"चांगलं होता होता राहिलेलं. ते वाईटाहून वाईट."

"नोकरी सोडण्याइतकं नाही."

"रजा टाकण्याइतकंही नाही."

कलावंतांनी डोळे उघडले. त्यांनी मान डोलावली, दोनदा, एखाद्या इमारतीत दोष सापडल्यावर डोलावत असतील तशी, आणि लाटांचं बटण दाबून बंद केलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बगलेत कागदपत्रं आणि तोंडभर हसू घेऊन मॅनेजर उभा होता. त्या हसण्यातले पुढचे दोन दात बसवलेले होते आणि रंगाने चुकलेले होते, हे ताईंना इतक्या लांबूनही दिसलं.

"साहेब, तयार?"

"नाही," कलावंत दारातच म्हणाले. "नोकरी सोडत नाहीये. वाजवणं बरं नाहीये माझं."

"कोण म्हणतं असं? साहेब, एवढी जनता ऐकतेय."

"जनतेनेच सांगितलं आत्ता," कलावंत म्हणाले आणि दार लावलं. तेल दिलेल्या बिजागऱ्यांमुळे दाराचा आवाजसुद्धा झाला नाही. मॅनेजर बाहेर थोडा वेळ उभा राहिला, मग त्याची पावलं जिन्याकडे गेली.

ताईंना वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. नोकरी राहिली, पेन्शन राहिली, यंत्रविक्या गेला. एका दगडात एवढे पक्षी त्यांनी आजवर पाडले नव्हते. पण कलावंत कीबोर्डशी परत गेले नाहीत. ते टेबलाशी येऊन बसले आणि गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"हे तू तेव्हाच सांगितलं असतंस तर?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर ताईंना सोपं गेलं असतं. "सात वर्षं होती माझ्याकडे. मी लाटा काढल्या असत्या. नाहीतर सगळंच सोडलं असतं. काहीतरी एक केलं असतं."

"तुम्ही जेवण टाकलं होतंत," ताई म्हणाल्या. "ताट तसंच्या तसं परत यायचं. मी तरी काय करणार होते?"

कलावंतांनी त्यांच्याकडे बघितलं.

"भूक लागल्यावर जेवलो असतो की," ते म्हणाले.